दोघांतला थोरला

॥ श्री ॥
मंगळवार पेठ, कोल्हापूर
दि. ६ जानेवारी २०२५

चि. गुरुप्रसाद यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. तांबड्या शाईने तपासून ते सोबत परत पाठवीत आहे. तू गारगोटीच्या वसतिगृहात असताना पाठवीत असे, तसेच. त्या काळी तळाशी ‘दुरुस्त करून पुन्हा पाठवावे’ असे लिहीत असे. तुझे वय पाहता या वेळी ते लिहिलेले नाही, अपेक्षा मात्र तीच आहे. मायन्यात तू मला ‘तीर्थरूप’ केले आहेस. तीर्थरूप म्हणजे आईवडील. थोरला भाऊ तीर्थस्वरूप असतो. गडहिंग्लजच्या कोर्टात जन्मभर शब्दांवर वकिली करणाऱ्या माणसाला ‘रूप’ आणि ‘स्वरूप’ यांतला भेद माझ्याकडून शिकावा लागतो, याचे मला आता आश्चर्य वाटत नाही. फक्त कंटाळा येतो.

आता मुख्य विषय. माईंच्या गडहिंग्लजच्या शाळेत त्यांच्या नावाचे वाचनदालन होत आहे, त्यातली पुस्तके आपण देत आहोत, आणि त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, सोळा फेब्रुवारीला, तिथे फलक बसणार आहे. फलकाचा मजकूर करण्याचे काम मी विश्वासाने तुझ्यावर सोपवले होते. तू त्याचे छायाचित्र मोबाइलवर पाठवलेस. मी ते यंत्र बाळगत नाही, हे तुला ठाऊक आहे. नात वल्लरी रविवारी पुण्याहून आली, तेव्हा तिच्याकडे पाहिले.

मराठी मजकुराबद्दल तक्रार नाही. ‘माईंचे थोरले चिरंजीव नृसिंह व धाकटे चिरंजीव गुरुप्रसाद यांजकडून’ हे वाक्य निर्दोष आहे. खालच्या इंग्रजीत मात्र तू मला ‘एल्डर सन’ आणि स्वतःला ‘यंगर सन’ केले आहेस. वल्लरीने अक्षरे मोठी करून दाखवली तरी माझा विश्वास बसेना.

सदतीस वर्षे मी या जिल्ह्यातल्या मुलांना एकच गोष्ट सांगत आलो. ‘एल्डर’ हा तरभाव आहे आणि ‘एल्डेस्ट’ हा तमभाव. दोघांतला थोरला ‘एल्डर’. तीन किंवा अधिक असतील, तर त्यांतला थोरला ‘एल्डेस्ट’. यात मत नसते, सवलत नसते. संस्कृतातही हेच आहे. दोघांत ‘ज्यायान्’, अनेकांत ‘ज्येष्ठ’. आपल्या मराठीने ही अट सैल केली. ‘थोरला’ म्हटले तरी मागे किती उभे आहेत ते कळत नाही, मध्ये कोणाला जागा आहे की नाही तेही कळत नाही. मराठी शब्द दार लोटून घेतो, इंग्रजी शब्द कडी घालतो. ‘एल्डर सन’ आणि ‘यंगर सन’ असे दोन शब्द एका दगडावर आले, की वाचणारा समजतो की माईंना मुलगे दोनच झाले.

ते खोटे आहे. मी कोणाचे नाव घेत नाही. नाव घेण्याचे कारणही नाही. मी फक्त संख्येबद्दल बोलतो आहे. विष्णुपंत कुरुंदवाडकरांच्या पत्नीने तीन मुलगे जन्माला घातले, ही नगरपालिकेच्या दप्तरातली गोष्ट आहे. तेव्हा माझ्या नावामागे ‘एल्डेस्ट’ आणि तुझ्या नावामागे ‘यंगेस्ट’ हवे. तातडीने नवा फलक कोरून घ्यावा. ज्या शाळेत माईंनी तीस वर्षे बाराखडी शिकवली, तिथे त्यांच्याच नावाखाली व्याकरणाची चूक दगडात राहणार असेल, तर मी त्या समारंभाला येणार नाही.

सौ. इरावतीचा गुडघा कसा आहे ते कळवणे. तिने जिने चढू नयेत, आणि तू तिला चढायला लावू नयेस.

लोभ आहे असे गृहीत धरू नये. या पत्राचे उत्तर मिळाल्यावर विचार करीन.

तुझा थोरला भाऊ,
नृसिंह


गडहिंग्लज
दि. ११ जानेवारी २०२५

ती. स्व. अण्णा यांस,
गुरुप्रसादचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

मायना सुधारला आहे. तपासून घ्यावा.

इरावतीचा गुडघा बरा आहे. तुमचे पत्र तिने आधी वाचले आणि मग माझ्या हातात देताना एवढेच म्हणाली, की थोरल्या भावजींनी गुडघ्याची चौकशी शेवटच्या परिच्छेदात केली, म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

अण्णा, फलकावर चूक नाही. तो मजकूर मी घाईत लिहिलेला नाही. तीन दिवस त्यावर विचार केला आहे. ‘एल्डर’ आणि ‘एल्डेस्ट’ यांतला फरक मला तुम्हीच शिकवलात, तोही पट्टीने. मी एकदा ‘एल्डर’पुढे ‘दॅन’ लिहिले होते. ‘दॅन’ ‘ओल्डर’पुढे येतो, ‘एल्डर’पुढे कधीच नाही, हे माझ्या उजव्या हाताच्या बोटांना अजून आठवते. दत्तादादा शेजारी बसला होता. मला पट्ट्या बसत असताना तो खिडकीबाहेर बघत राहिला, आणि पुढच्या उत्तरात त्याने मुद्दाम तीच चूक केली, म्हणजे राहिलेल्या पट्ट्या त्याच्या वाट्याला जाव्यात. हे तुमच्या लक्षात आले नव्हते. चूक कोणती एवढेच तुम्ही पाहता, कोणी का केली ते पाहत नाही.

आता मी वकील म्हणून बोलतो. १९९८च्या मे महिन्यात माईंच्या दहाव्याला हिरण्यकेशीच्या घाटावर, भटजी, पंचक्रोशीतली माणसे आणि गणपतरावांसारखे वृद्ध व्याही उभे असताना, तुम्ही दत्तादादाकडे पाठ करून म्हणालात: “आजपासून आम्ही दोघेच भाऊ.” तुमचे वाक्य. ‘दोघे’, आणि वर ‘च’. कारण एकच, की थोरला पोचण्याआधी त्याने माईंना अग्नी दिला. त्या दिवसापासून तुम्ही तो राहतो त्या नेसरीचा रस्ता सोडला, त्याचे नाव सोडले, त्याच्या घरच्या लग्नाचे-बारशाचे आमंत्रण परत पाठवले. माझ्या मुलाच्या लग्नात तो आला, तर तुम्ही जेवणाच्या पंक्तीतून उठून गेलात. माझ्या घरात उष्टे ताट टाकून. मी तेव्हा काही बोललो नाही. माझी भेकड सवय आहे ती.

मी फक्त तुमच्या त्या वाक्याचे इंग्रजी केले. भाऊ दोघेच, तर थोरला ‘एल्डर’ आणि धाकटा ‘यंगर’. तुमच्याच नियमाप्रमाणे याहून शुद्ध इंग्रजी होत नाही. आता दोन्ही एकदम खरे ठेवता येणार नाही. घाटावरचे वाक्य खरे असेल, तर फलक बरोबर आहे. फलक चुकीचा असेल, तर वाक्य चुकीचे होते. यांतले एक कळवा. मी दोन्ही मानतो असे लिहू नका. ती पळवाट तुम्ही विद्यार्थ्यांना कधी दिली नाहीत.

शाळेच्या समितीने तडजोड सुचवली, की विशेषणे काढून नुसते ‘माईंच्या मुलांकडून’ असे लिहावे. मी त्यांना सांगितले, अण्णांना विचारून कळवतो. कोरणाऱ्याला नवा दगड घ्यायचा तर महिनाअखेर सांगावे लागेल. नाही सांगितले, तर आहे तोच बसेल.

दत्तादादाला मी यातले काही सांगितलेले नाही. नेसरीच्या वहिनींना सांगितले आहे.

लोभ असावा. ही विनंती नाही, तुमच्या वयाला शोभेल अशी सूचना आहे.

तुमचा धाकटा (तर की तम, ते तुम्ही ठरवा),
गुरुप्रसाद


मंगळवार पेठ, कोल्हापूर
दि. १५ जानेवारी २०२५

चि. गुरुप्रसाद यास,
आशीर्वाद.

‘अनेक’ या वेळी लिहिलेले नाही, हे तुझ्या लक्षात यावे.

तुझे पत्र वाचून मला प्रथमच कळले, की माझा धाकटा भाऊ चांगला वकील होता. पक्षकारांनी हे मला पूर्वी सांगितले होते, मी विश्वास ठेवला नव्हता. पण युक्तिवाद चतुर असला म्हणजे खरा असतो असे नाही.

घाटावरचे माझे वाक्य नात्याबद्दल होते, संख्येबद्दल नव्हते. नाते तोडता येते. माणूस ते तोंडाने तोडतो आणि आयुष्यभर तसे वागून दाखवतो. मी दाखवले आहे. संख्या तोडता येत नाही. एखाद्याशी मी बोलत नाही, म्हणून त्याचा जन्म रद्द होत नाही. ‘एल्डेस्ट’ लिहिल्याने मी कोणाला जवळ करीत नाही, फक्त मोजतो. गणतीला आलेला सरकारी माणूस घरातल्या भांडणाची चौकशी करीत नाही, डोकी मोजतो आणि जातो.

समितीची तडजोड मला मान्य नाही. ‘मुलांकडून’ हे अनेकवचन कामचुकार आहे. दोन की तीन की सात, ते सांगायचे टाळण्यासाठीच ते योजले आहे. ज्याला मोजायचे धैर्य नाही, त्याने विशेषण गाळावे. मी गाळणार नाही.

पट्टीबद्दल लिहिले आहेस. मारले ते शिकवण्यासाठी. त्याचा परिणाम म्हणून तू आज बिनचूक इंग्रजीत माझा अपमान करू शकतोस. राहिला दुसऱ्याच्या चुकीचा प्रश्न. ती मुद्दाम केलेली होती हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते, तर पट्ट्या दुप्पट बसल्या असत्या. खोटी चूक ही खऱ्या चुकीपेक्षा वाईट.

आणि अग्नीबद्दल तू एका वाक्यापलीकडे काही लिहिले नाहीस. वकील सोयीचे तेवढेच लिहितो, म्हणून ते मी लिहितो. आईला अग्नी देण्याचा अधिकार थोरल्याचा. मी त्या दिवशी पुण्यात बोर्डाच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांवर मुख्य नियामक होतो. तुझा फोन आला, त्याच तासाला मी निघालो. थांबा, एवढे एकच सांगितले होते. पोचलो तेव्हा राख निवत होती. ज्याला आईने सेवानिवृत्तीनंतरची सगळी वर्षे दिली, त्याला शेवटचा दिवससुद्धा मला द्यावासा वाटला नाही. तू ज्याला ‘आजपासून’ म्हणतोस, ती सुरुवात मी केलेली नाही. मी फक्त ती मोठ्याने वाचून दाखवली.

तेव्हा: ‘एल्डेस्ट’ आणि ‘यंगेस्ट’. नावे दोनच. यात काही विसंगती नाही.

तू वहिनींना सांगितलेस, हे आगाऊपणाचे झाले. कळावे. लोभाची वसुली तारखेवर करू नये.

नृसिंह


नेसरी
ता. २१ जानेवारी

पावणं,
रामराम.

गुरुभावजींनी सगळं सांगितलं, म्हणून लिवायला बसले. तुमास्नी भाऊजी म्हनायचं हुतं, पर तुमीच घाटावर सांगितलं की ह्या घरचा न् तुमचा संबंद न्हाय. संबंद न्हाय त्येला आमच्याकडं पावणं म्हनत्यात. तवा पावणं. शुद्दलेखन बघू नका. मी मॅट्रिकपातूर शिकले, पर पत्र बोलल्यावानी लिवते. सासूबाई म्हनायच्या, राजनंदिनी, तुजं पत्र वाचलं की तू समोर बसून भांडतीयास असं वाटतं. तसंच वाटू द्या.

ह्यांस्नी हे पत्र ठाव न्हाय. ते म्हशी घिऊन वड्याला गेल्यात. शहात्तरावं लागलं तरी ऐकत न्हाईत. त्यांस्नी दगडावर नाव नको हाय. मी फलकाचं इचारलं तर म्हनले, माईनं माजं नाव रोज हाक मारून घेतलंय, आता दगडानं घेतलं काय न् न्हाय घेतलं काय. तवा नावासाटी मी लिवत न्हाय. तुमच्या त्या दोन इंग्रजी शब्दांतलं मला काय कळत न्हाय न् कळून घ्यायचंबी न्हाय.

मी लिवते ती एका गोष्टीपायी. गुरुभावजी म्हनले, अण्णा लिवत्यात की दत्तूनं मला शेवटचा दिवस दिला न्हाय. ते ऐकून माज्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सव्वीस वर्सं गप बसले ती ह्यांनी शपथ घातलीया म्हणून. आज मोडते. सासूबाई पहाटंच्या गेल्या. मे म्हैना. नेसरीत बर्फ कुटला? माज्या वडलांनी गडहिंग्लजास्नं बर्फाची लादी आनाय मानूस धाडला, टेंपूत निम्मी वाटंतच पाणी झाली. तुमचा थांबा म्हनून निरोप आलता, व्हय, आलता. म्हनून तर हे स्टँडवर जाऊन हुबं ऱ्हायलं. कोल्लापूरची यील ती गाडी बघायची. खिडकी खिडकी बघायची. लोक बोलवाय गेलं की म्हनायचं, अण्णा ह्याच्यात न्हाय, म्होरल्यात असंल. ऊन डोक्यावर आलं, कलंडलं. माज्या वडलांनी, गणपतरावांनी, सोता जाऊन हाताला धरलं, मग आलं. आता सासूबाईंची आब ऱ्हानार न्हाय, असं वडील म्हनलं, तवा अग्नी दिला. थोरल्याचा मान चोराय न्हवं. आईची लाज राखाय.

तुमी आला ती शेवटच्या गाडीनं. हे तवा पुन्ना स्टँडवर गेलतं तुमास्नी न्यायला, पर तुमी म्हागल्या दारानं उतरून सरळ घाटाकडं गेला. तितनं पुडचं तुमास्नी ठावच हाय.

हे तुमास्नी कुनी सांगितलं न्हाय, कारन तुमी कुनाला बोलूच दिलं न्हाय. मास्तर मानूस इचारतो आन् उत्तर आपणच सांगतो.

लोभ असू द्या म्हनायची रीत हाय. मी म्हनत न्हाय. उत्तर न्हाय दिलं तरी चालतंय. आमी सवयीनं ऱ्हातोय.

राजनंदिनी दत्तप्रसाद


मंगळवार पेठ, कोल्हापूर
दि. २७ जानेवारी २०२५

रा. रा. दत्तप्रसाद विष्णुपंत कुरुंदवाडकर यांस,
सा. न. वि. वि.

आपल्या पत्नीचे पत्र मिळाले. त्यांनी मला ‘पावणं’ म्हटले आहे. वल्लरीला ते नपुंसकलिंगी एकवचन वाटले. मी तिला सांगितले की ते आदरार्थी अनेकवचन आहे, आपल्या भागात अनोळखी माणसाला तसेच संबोधतात, आणि प्रयोग अचूक आहे. पत्र लिहिल्याबद्दल आपण त्यांना बोल लावू नये. शपथ मोडली ती कारणाने मोडली.

त्या दिवशी आपण स्टँडवर उभे होता, हे मला माहीत नव्हते. आपण ते सांगितले नाही. सांगू दिले नाही असे आपल्या पत्नीचे म्हणणे आहे, त्याचा मी विचार करीत आहे. मी पुण्याहून निघालो ती गाडी कराडजवळ पंक्चर झाली, हे आपल्यालाही माहीत नसावे. मीही कोणाला सांगितले नाही. यावरून काही सिद्ध होत नाही. फक्त घटनांचा क्रम आता पूर्ण झाला, आणि अपुऱ्या क्रमावरून काढलेला निष्कर्ष तपासावा लागतो, हा नियम मी इतरांना शिकवला आहे.

माझा मूळ आक्षेप मी मागे घेत नाही. अग्नीचा अधिकार थोरल्याचा होता. माईंनी शेवटची वर्षे आपल्याकडे काढली, याचा राग मला आहे, आणि राहील. कोल्हापुरात त्यांची खोली मी त्या जाईपर्यंत रिकामी ठेवली होती. तिथे दर दिवाळीला चुना मारून घेत असे. दिवाळीला त्या नेसरीला असत.

परंतु फलकाचा प्रश्न रागाचा नाही. गुरुप्रसादने मला कोंडीत पकडले आहे, आणि ती कोंडी व्याकरणाची असल्यामुळे मला फोडता येत नाही. ‘एल्डेस्ट’ आणि ‘यंगेस्ट’ लिहून नावे दोनच ठेवावीत असे मी त्याला कळवले होते. नंतर ते वाक्य मी स्वतः कागदावर लिहून पाहिले. तमभावाची दोन टोके आणि मध्ये कोणी नाही. वर्गात एखाद्या मुलाने असे वाक्य लिहिले असते, तर ‘शब्द गाळला आहे’ असा शेरा देऊन मी त्याचा अर्धा गुण कापला असता. गेल्या आठवड्यात मी ते अनेक प्रकारे लिहून पाहिले. शब्द गाळलेलाच दिसतो.

म्हणून गुरुप्रसादला आजच्याच टपालाने कळवले आहे, की फलकावर तीन नावे यावीत. माझे ‘एल्डेस्ट’, आपले ‘सेकंड’, त्याचे ‘यंगेस्ट’. इंग्रजीत ‘मिडल सन’ कोणी लिहीत नाही, ‘सेकंड सन’ लिहितात. आपण त्यात कमीपणा मानू नये. आपल्या पत्नीच्या पत्रानुसार आपल्याला दगडावर नाव नको आहे. तो आपला अधिकार असला, तरी संमती द्यावी अशी माझी अपेक्षा आहे. आपले नाव आपल्या हौसेसाठी घालायचे नाही, वाक्य पूर्ण होण्यासाठी घालायचे आहे. आपण इंग्रजीत नाव लिहिताना दोन ‘टी’ लिहिता की एक, तेही कळवावे. शाळेत असताना आपण एक लिहीत असा, ते चूक होते.

समारंभाला यावे की न यावे, हा आपला प्रश्न आहे. आसनव्यवस्था माझ्याकडे नाही.

कळावे. लोभ असावा, असे या ठिकाणी लिहिण्याची पद्धत आहे, म्हणून लिहिले आहे.

आपला,
नृसिंह विष्णुपंत कुरुंदवाडकर


(हेच पत्र नेसरीच्या टपाल-शिक्क्यासह कोल्हापूरला परत आले. ‘रा. रा.’ आणि ‘सा. न. वि. वि.’ यांभोवती तांबड्या शाईचे वर्तुळ होते. समासात एवढेच:)

मायना चुकला आहे. दुरूस्त करून पुन्हा पाठवावे. तोपर्यंत पुढचे वाचणार नाही.
— द.


मंगळवार पेठ, कोल्हापूर
दि. ४ फेब्रुवारी २०२५

चि. दत्तप्रसाद यास,
अनेक आशीर्वाद.

मायना दुरुस्त केला आहे. तुझी खूण योग्य होती. ‘दुरुस्त’ या शब्दातला दुसरा उकार मात्र ऱ्हस्व असतो. तू तो दीर्घ काढला आहेस. गारगोटीलाही काढत असस. तुझी पत्रे मी परत करीत असे ती तू फेकून दिली असशील, असे मी समजत होतो. शेरा शब्दशः पाठ आहे, यावरून तसे दिसत नाही.

पूर्वीचे पत्र सोबत पुन्हा जोडले आहे. मायन्याखेरीज मजकुरात बदल नाही. जिथे ‘आपण’ आहे तिथे ‘तू’ वाचावे. संपूर्ण पत्र पुन्हा लिहिण्याइतका माझा हात आता चालत नाही. राग जिथे आहे तिथेच आहे. तो शब्दांत बसवला, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका आढळल्या नाहीत.

गुरुप्रसादने कळवले, की नवा दगड कोरायला घेतला आहे आणि तुझ्या नावापुरती जागा कोरी सोडली आहे. तिथे काही कोरायचे की नाही, आणि कोरायचे तर किती ‘टी’, ते त्याला थेट कळव. माझ्यामार्फत नको. पुन्हा तपासण्याचा मोह होईल.

सौ. राजनंदिनीस सांगावे, की ‘पावणं’ मी खोडलेले नाही. पाहुणा दारात आला तर चहा विचारायची रीत नेसरीलाही असेल.

सोळा तारखेला मी कोल्हापुराहून सकाळच्या पहिल्या गाडीने गडहिंग्लजला निघत आहे. वल्लरी गाडीने सोडते म्हणाली होती, तिला नको म्हटले. मी एस. टी.नेच येईन, पुढच्या दाराने उतरेन आणि स्टँडवर थोडा वेळ उभा राहीन. गाडीला उशीर होऊ शकतो. या खेपेस थांबावे की थांबू नये, हे मी सांगणार नाही. ते तुझे तू ठरव.

तुझा थोरला भाऊ,
नृसिंह